जलपर्णी आहे की दुसरंच काही? ओळख आणि मूळ घर याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्यात हिरवं काही पसरलं की त्याचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते: "ही जलपर्णीच ना? काढून टाकू का?" गेली काही वर्षं तळ्यांच्या साफसफाईत उतरल्यापासून हा प्रश्न शेकडो वेळा ऐकला. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. घाई असेल तर निदान प्रश्न २ आणि ५ वाचा आणि मगच पाण्यात हात घाला.

१. जलपर्णी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

पाण्यावर मोकळी तरंगणारी, चकचकीत गोलसर पानांची आणि जांभळट फुलांचा तुरा येणारी एक वनस्पती. तिची मुळं मातीत रुतलेली नसतात, पाण्यात लोंबत असतात, म्हणून वारा येईल तिकडे ती सरकते. सकाळी या काठाला असलेला हिरवा पट्टा संध्याकाळी पलीकडे गेलेला दिसला तर तो बहुधा तिचाच. पुण्यातल्या मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी, कोल्हापूरची पंचगंगा आणि रंकाळा, कल्याणजवळची उल्हास नदी, मुंबईतला पवई तलाव या सगळ्या ठिकाणी जिच्यामुळे दरवर्षी ओरड होते ती हीच. ती आपल्याकडची नाही (प्रश्न ८).

२. एक झाड हातात घेतलं तर काय काय बघायचं?

काठावरून अंदाज बांधू नका, काठीने एक झाड ओढून घ्या आणि बादलीत ठेवा. मग वरून खाली बघत या.

पान आधी. तळहाताएवढं, गोलसर, मेण चोपडल्यासारखं तुकतुकीत. पाण्याचा थेंब टाकला तर ओघळून जातो. पान उजेडासमोर धरा. पिंपळाच्या पानासारखी मधोमध जाड शीर आणि तिला फुटलेलं जाळं दिसणार नाही. बारीक बारीक शिरा देठापासून निघून पानाच्या कडेने वळत टोकाकडे गेलेल्या दिसतील.

मग देठ. तो मध्यभागी कांद्यासारखा फुगलेला असतो. नखाने दाबला तर थर्मोकोलसारखा दबतो. आडवा कापलात तर आत ओल्या स्पंजासारखी असंख्य हवेची घरं दिसतात. झाड तरंगतं ते या हवेवर. देठाच्या बुडाशी एक पातळ, कागदासारखा पापुद्रा गुंडाळलेला असतो, तोही बघून ठेवा.

आता मुळं. झाड उचलल्यावर खाली लोंबणारा काळसर जांभळा झुपका दिसतो. एकेका मुळाला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू असतात, अगदी पिसासारखे. हा झुपका पाण्यात हलवून पाहा, त्यातून गाळ, गोगलगायी, चिंगळ्या असं बरंच काही निघेल.

शेवटी शेजारी बघा. एका झाडापासून आडवा दांडा निघून त्याच्या टोकाला पिल्लू लागलेलं असतं. हे धावतं खोड तुटलं की पिल्लू स्वतंत्र होतं.

फूल असेल तर शंकाच उरत नाही. एका तुऱ्यावर साधारण आठ ते पंधरा फुलं, प्रत्येकाला सहा फिक्या जांभळ्या पाकळ्या. वरच्या एकाच पाकळीवर गडद निळा डाग आणि त्याच्या मध्ये पिवळा ठिपका, मोराच्या पिसातला डोळा असतो तसा. हे फूल अतिशय देखणं आहे. जगभर तिचा उपद्रव पसरला तो या देखणेपणामुळेच.

३. आमच्या नदीतल्या झाडांना देठाचा फुगा नाहीच. कमरेएवढी उंच, लांब देठांची आहेत. मग ही वेगळी जात का?

नाही, जात तीच. झाडं सुटी आणि मोकळ्या पाण्यात असली की देठ आखूड आणि फुगीर राहतात. दाटी झाली की एकमेकांच्या आधाराने उभं राहता येतं, फुग्याची गरज उरत नाही, आणि उजेडासाठी सगळी वर धावतात. देठ लांब, सडपातळ होतात. खात्री करायची तर त्याच पट्ट्याची पाण्याकडची कड बघा. तिथली नवी पिल्लं फुगीर देठांची असतील. चिखलात अडकून रुजलेल्या झाडांचंही असंच होतं, फुगा नाहीसा होतो. अशा वेळी पानाच्या शिरा आणि देठाच्या बुडाचा पापुद्रा यांवर भरवसा ठेवा.

४. जलकुंभी, कुंभिका आणि जलपर्णी एकच का?

हिंदीत जलपर्णीला जलकुंभी म्हणतात, आणि तीच जलकुंभी आपल्याकडे काही ठिकाणी दुसऱ्याच वनस्पतीला म्हणतात. कुंभिका, म्हणजे शास्त्रीय भाषेत पिस्टिया, पाण्यावर ठेवलेल्या छोट्या कोबीसारखी दिसते. पानं फिकट हिरवी, मखमली, उभ्या घड्यांची. वेगळा देठ नसतोच. फूल इतकं बारीक की शोधावं लागतं. तीही तरंगते, तीही दाट पसरते, पण ती अळूच्या कुळातली आहे. म्हणून नावावर वाद घालण्यापेक्षा झाड दाखवून बोलावं.

५. आमच्या तळ्यात पानं तरंगतात, पांढरी फुलंही येतात. स्वच्छता मोहिमेत हे सगळं काढायचं का?

थांबा. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या पहिल्या मोहिमेत आम्ही चाळीसेक जण एका गावतळ्यात उतरलो होतो. दुपारपर्यंत काठावर हिरवा ढीग रचला. एक म्हातारे गृहस्थ ढिगापाशी आले, त्यातून एक गोल पान ओढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, हे कुमुद आहे. हे आमच्या आज्याच्या वेळेपासूनचं." पानाला देठापर्यंत खाच होती, देठ दोरीसारखा लांब होता आणि त्याच्या टोकाला चिखल लागलेला गड्डा होता. जलपर्णीला यातलं काहीच नसतं. आम्ही न बघता ओढत गेलो होतो. ते कुमुद त्या तळ्यात परत आलं नाही.

तेव्हापासून मी आधी झाड ओढून बघते. ते सहज हातात आलं आणि मुळं पाण्यात लोंबत असली तर पुढे तपासा. ओढताना खालून ताण जाणवला तर ते तळाशी रुजलेलं आहे आणि बहुधा आपलं स्थानिक आहे.

कुमुदाची पानं पाण्याला चिकटून सपाट पसरतात, बुडाशी खाच असते. कमळाची पानं ढालीसारखी गोल, देठ मधोमध जोडलेला, आणि बरीचशी पाण्याच्या वर उभी. कुमुदिनीची पानं कुमुदासारखीच पण लहान, आणि पांढऱ्या पाकळ्यांवर लोकरीसारखी लव असते. साताऱ्याजवळ कास पठारावरचं कुमुदिनीचं तळं पाहिलेल्यांना ती चटकन आठवेल. नाळी ही वेल आहे, खोड पोकळ, पान भाल्याच्या टोकासारखं आणि फूल फिक्या जांभळ्या कर्ण्यासारखं. तिच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी करतात.

फसवतो तो शिंगाडा. त्याच्याही देठाला फुगा असतो. पण पानं शंकरपाळ्याच्या आकाराची, कडेला दातेरी, फुलासारखी गोल मांडलेली असतात आणि फूल छोटं, पांढरं, चार पाकळ्यांचं. पूर्व विदर्भातल्या जुन्या मालगुजारी तलावांत शिंगाडा म्हणजे ढीवर कुटुंबांचं उत्पन्न असतं. तो जलपर्णी समजून उपटणं म्हणजे कुणाचं तरी उभं पीक उपटणं.

६. रोपवाटिकेतून आणलेल्या पाणवनस्पतीला अगदी तसाच निळा-जांभळा तुरा आला आहे. जलपर्णीच दिली का?

ती मातीत किंवा कुंडीत रुजलेली, कमरेपर्यंत उभी, लांबट हृदयाकृती पानांची असेल तर ती तिची उत्तर अमेरिकेकडची चुलत बहीण, पॉन्टेडेरिया कॉर्डाटा. तुऱ्यातली फुलं बारीक आणि दाट गर्दी केलेली असतात, देठाला फुगा नसतो, तरंगत नाही.

कोकणातल्या भातखाचरात पावसाळ्यात दिसणारं बारकं निळं फूल हीसुद्धा याच घराण्यातली गोष्ट. चिखलात रुजलेलं, वीतभर उंचीचं, हृदयाकृती पानाचं, आणि फुलांचा घोस देठाच्या बगलेतून फुटल्यासारखा दिसणारा. ती आशियातलीच वनस्पती आहे. तिला जलपर्णीचं पिल्लू समजून घाबरू नका.

७. मोबाइलवरचं ॲप तिला कधी आयकोर्निया म्हणतं, कधी पॉन्टेडेरिया. बरोबर कोणतं?

दोन्ही एकाच झाडाची नावं आहेत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये फिरला आणि नंतर त्याने तिचं वर्णन पॉन्टेडेरिया क्रासिपेस या नावाने केलं. 'क्रासिपेस' म्हणजे जाड पायाची, त्या फुगीर देठावरून. पुढे १८८३ मध्ये तिला आयकोर्निया या प्रजातीत हलवलं गेलं. आयकोर्न हा प्रशियाचा एक मंत्री होता, त्याच्या नावावरून ही प्रजाती ओळखली जाते. २०१८ मध्ये या कुळाची नव्याने मांडणी झाली आणि तिला पुन्हा पॉन्टेडेरियात आणलं. जुन्या पुस्तकांत आयकोर्निया सापडेल, नव्या लिखाणात पॉन्टेडेरिया. मला दोन्ही चालतात, 'क्रासिपेस' तेवढं कायम आहे.

८. तिचं मूळ घर कुठलं, आणि ते कसं दिसतं?

दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग, त्यातही अमेझॉनचं खोरं.

आपल्या डोळ्यांसमोर जलपर्णी म्हटलं की सांडपाण्याने काळं झालेलं, साचलेलं पाणी येतं. तिच्या घरी चित्र उलट आहे. अँडीज पर्वतातून गाळ घेऊन येणाऱ्या नद्यांच्या दोन्ही काठांना मैलोन् मैल पूरमैदानं आहेत, त्यांना तिकडे वार्झेआ म्हणतात. मानौस शहराजवळ नदीची पातळी एका वर्षात साधारण दहा मीटरने वर-खाली होते. म्हणजे तीन मजली इमारत बुडेल एवढं पाणी चढतं आणि उतरतं. जंगल काही महिने पाण्याखाली असतं. पाणी चढलं की तरंगती कुरणं तयार होतात, त्यात जलपर्णी, कुंभिका आणि पाणगवतं एकत्र वाढतात. पाणी उतरलं की यातली बरीच झाडं चिखलावर आपटतात आणि वाळून मरतात. मरण्याआधी त्यांनी टाकलेलं बी त्याच ओल्या चिखलात रुजतं.

हे वेळापत्रक डोक्यात ठेवलं की तिच्या शरीराचा अर्थ लागतो. जिथे जमीनच वर्षातून काही महिने दहा मीटर खोल जाते तिथे मुळं रोवण्यात अर्थ नाही, म्हणून फुगा. पूर आला की वाहून नव्या जागी जायचं, म्हणून तुटणारं धावतं खोड. कोरड्या दिवसांत मरण ठरलेलं, म्हणून टिकाऊ बी. थोडे महिने मिळतात, त्यात भरमसाट वाढायचं. आपल्याकडे त्रास देणारा तिचा प्रत्येक गुण तिकडे जगण्यासाठी घडलेला आहे.

ब्राझीलमध्ये तिला आगुआपे म्हणतात, आणि दक्षिणेकडे पराना नदीच्या काठाने, अर्जेंटिनात, कामालोते.

९. तिचं मूळ ठिकाण तेच, हे कशावरून ठरवलं? आता तर ती जगभर आहे.

छान प्रश्न, फार कमी जण विचारतात. पुरावा फुलात आहे. जलपर्णीची फुलं तीन प्रकारची असतात. काहींत स्त्रीकेसराची दांडी लांब, काहींत मध्यम, काहींत आखूड. एका झाडावर एकच प्रकार. हे तिन्ही प्रकार सापडतात ते दक्षिण अमेरिकेतच. बाहेरच्या जगात बहुतेक ठिकाणी मध्यम दांडीचीच झाडं दिसतात, कुठे कुठे लांब दांडीची, पण आखूड दांडीची नाहीत. म्हणजे मूळ वस्तीतून थोडीशीच झाडं बाहेर पडली आणि त्यांच्या पिल्लांनी जग व्यापलं. दुसरा पुरावा तिच्यावरच जगणाऱ्या किड्यांचा आहे (प्रश्न १२).

तुमच्या नदीतलं फूल उघडून बघायला हरकत नाही. पाकळ्या हळूच फाडल्या की मधली दांडी आणि तिच्या वर-खाली तीन-तीनच्या दोन गटांतले पुंकेसर दिसतात.

१०. भारतात ती कशी आणि कधी आली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बंगालमध्ये, बागेतल्या शोभेचं झाड म्हणून. पुढे तिथल्या नद्या, खाड्या आणि भातशेतं तिने अशी अडवली की १९३६ मध्ये बंगालला तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. बंगालीत तिला कचुरीपाना म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास 'जर्मन पाना' असंही नाव पडलं होतं, कारण हे शत्रूचंच काम अशी वदंता होती.

अमेरिकेतही तिने तसंच केलं. लुइझियानाच्या नद्या तुंबल्यावर तिथल्या ब्रूसार्ड नावाच्या लोकप्रतिनिधीने १९१० मध्ये चक्क आफ्रिकेतून पाणघोडे आणून सोडण्याचं विधेयक मांडलं होतं. पाणघोडे जलपर्णी खातील आणि देशाला मांस मिळेल हा त्यामागचा हिशेब. विधेयक मंजूर झालं नाही.

११. नाव काय आणि मूळ कुठलं, या माहितीचा आम्हाला काय उपयोग? आम्हाला नदी साफ हवी आहे.

नदी साफ हवी असेल तर हीच माहिती लागते. उदाहरण जलपर्णीचं नाही, तिच्यासारख्याच साल्व्हिनिया नावाच्या तरंगत्या नेच्याचं देते, कारण इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

हा नेचा केरळ, श्रीलंका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया सगळीकडे पसरला होता. सगळे त्याला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत होते. त्या नावाच्या नेच्यावर जगणारे किडे शोधून आणले, सोडले, आणि पदरी फारसं काही पडलं नाही. १९७२ मध्ये लक्षात आलं की ही जात मुळात वेगळीच आहे, तिला साल्व्हिनिया मोलेस्टा हे नाव मिळालं. मग तिचं घर शोधणं सुरू झालं आणि १९७८ मध्ये ते आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथे तिच्यावर एक बारकासा सोंडकिडा होता. आधी आणलेल्या किड्यासारखाच दिसणारा, पण वेगळा. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या माउंट ईसा गावाजवळच्या मूनडारा तलावात सोडला. तिथे हजारो टन नेचा साचला होता. वर्ष-सव्वा वर्षात तलाव मोकळा झाला. पुढे केरळमध्येही त्याच किड्याने काम केलं.

वर्षानुवर्षं अडलेलं काम सुटलं ते झाडाचं नाव नीट लागल्यावर आणि त्याचं घर सापडल्यावर. केरळमधल्या जुन्या माणसांना आजही 'आफ्रिकन पायल' हे नाव आठवतं. त्या नावातही घर चुकलेलंच आहे.

१२. मग जलपर्णीवरचे किडे इथे का सोडत नाहीत?

सोडले आहेत. निओकेटिना नावाचे दोन सोंडकिडे दक्षिण अमेरिकेतून शोधले गेले, १९७०च्या दशकात अमेरिकेत सोडले, आणि १९८०च्या दशकात बेंगळुरूमध्ये तपासणी करून भारतातही सोडले. मणिपूरच्या लोकटाक सरोवरात आणि आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात त्यांचा चांगला उपयोग झाला. हे किडे चार-पाच मिलिमीटरचे, रात्री खाणारे, दिवसा पानांच्या बुडाशी लपणारे. तुमच्या झाडांच्या पानांवर तांदळाएवढे खरवडल्यासारखे डाग दिसले तर ते त्यांचं काम असू शकतं. अळी देठाच्या आत बोगदा करते.

तरी आपल्या नद्या मोकळ्या का होत नाहीत? एक म्हणजे, सांडपाणी पिऊन झाड इतक्या वेगाने वाढतं की किड्याला गाठता येत नाही. दुसरं, दर उन्हाळ्यात आपण यंत्राने जलपर्णी काढतो तेव्हा तिच्यावरचे किडेही काठावर फेकतो. पावसाळ्यात उरलेली वाहून जाते. किड्यांची पिढी बसायला शांत, कायमचं पाणी लागतं. तलावात त्यांना संधी आहे, वाहत्या नदीत कमी.

१३. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्येच ती अचानक कुठून येते?

अचानक येत नाही. पावसाळ्यानंतर बंधाऱ्यांच्या कोपऱ्यांत, ओढ्यांत थोडीथोडी उरलेली असते. हिवाळ्यात नदीचा प्रवाह मंदावतो, सांडपाणी मात्र तेवढंच येत राहतं, त्यामुळे पाण्यातलं नत्र आणि स्फुरद घट्ट होत जातं. थंडी सरली, पाणी तापलं की ती उसळते. परिस्थिती अनुकूल असली की एक-दोन आठवड्यांत संख्या दुप्पट होते. दोन आठवड्यांचा हिशेब धरला तरी ऑक्टोबरमधली दहा झाडं वीस आठवड्यांत दहा हजारांवर जातात. म्हणून काढायची तर दिवाळीच्या आसपास, हाताने, कोपऱ्यांतून काढा. मार्चमधल्या यंत्रावरच्या खर्चापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

एक छोटी तपासणी घरच्या घरी करता येते. मुळांचा झुपका पट्टीने मोजा. पाणी खताने समृद्ध, म्हणजे सांडपाण्याचं असेल तर मुळं आखूड राहतात, कारण अन्न दारात आहे. स्वच्छ पाण्यात तीच मुळं अन्न शोधत लांब लांब वाढतात. एकाच नदीत नाल्याच्या तोंडाशी आणि वरच्या अंगाला मोजून बघा.

१४. आम्ही तळं पूर्ण साफ केलं, एकही झाड ठेवलं नाही. दोन वर्षांनी पुन्हा कशी आली?

बियांमुळे. फूल एक-दोन दिवसांत मिटतं, मग तुऱ्याचा दांडा वाकून पाण्यात शिरतो आणि बी तिथेच पिकून तळाशी बसतं. गाळात ते पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. तळं आटून काठचा चिखल उघडा पडला, ऊन लागलं की रुजतं. ही रोपं मोठ्या झाडासारखी अजिबात दिसत नाहीत, पहिली पानं गवताच्या पातीसारखी अरुंद असतात. उन्हाळ्यानंतर काठ तपासत चला, पानं गोल होऊ लागली की उपटा. आणि पुढच्या वेळी फुलं येण्याआधीच काढा.

१५. ती पाणी शुद्ध करते असं वाचलं. मग काढायची कशाला? आणि काढलेलीचं खत, चारा चालतो का?

ती पाण्यातलं नत्र, स्फुरद, शिसं, कॅडमियम शोषते, हे खरं. पण शोषलेलं तिच्या अंगात राहतं. तिथेच कुजली की सगळं पाण्यात परत, वर कुजताना प्राणवायूही जातो. शुद्धीकरणासाठी तिची वेळोवेळी कापणी करावी लागते आणि जागा बंदिस्त लागते. उघड्या नदीत दाट गालिचा झाला की खाली उजेड आणि हवा पोहोचत नाही, मासे गुदमरतात. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर तिच्या मुळांना टोचून तिथूनच श्वास घेतात.

तणनाशकाचंही तेच. फवारलं की सगळं एकदम मरतं, बुडतं आणि कुजतं. पिण्याच्या किंवा मासेमारीच्या पाण्यात मी ते कधीच सुचवणार नाही.

खत होतं, चांगलं होतं, पण शंभर किलो झाडात जवळपास पंच्याण्णव किलो पाणी असतं हे ध्यानात ठेवा. दोन-चार दिवस काठापासून लांब सुकवा, मग शेण आणि पालापाचोळा मिसळा. फुलं-बोंडं असलेला माल नीट तापेल अशा ढिगातच घाला. कारखान्यांचं पाणी मिसळतं तिथली जलपर्णी भाजीच्या वाफ्यात किंवा गोठ्यात नेऊ नका, जड धातू सोबत येतात. स्वच्छ तळ्यातली असली तरी गुरांना पोटभर घालायचा चारा नव्हे. पाणीच जास्त असतं, आणि पानांतल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे तोंडाला खाज सुटते.

१६. आमच्याकडे जलपर्णीवर कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या आहेत. काढली तर पक्षी जातील ना?

ही काळजी रास्त आहे. पक्ष्यांना तरंगता आधार हवा असतो. पूर्वी तो कमळ, कुमुद आणि शिंगाडा देत होते, ते गेले तिथे जलपर्णी मिळाली. म्हणून सगळं एका दिवसात खरवडू नका. पाणकोंबड्यांची घरटी पावसाळ्यात असतात, त्या काळात हात लावू नका. नंतर पट्ट्यापट्ट्याने काढा आणि मोकळ्या जागेत जवळच्याच तळ्यातलं कुमुद लावा. दोन-तीन वर्षं लागतात.

१७. खाडीच्या तोंडाशी ती पिवळी पडून मरताना दिसते. रोग पडला का?

मीठ लागलं. खारं पाणी तिला सोसत नाही. पावसाळ्यात नदीतून वाहत आलेले पट्टे खाडीत पोहोचले की आधी पानांच्या कडा करपतात, मग सगळंच तपकिरी होऊन कुजतं.

१८. फूल फार आवडतं. घरच्या टाकीत दोन झाडं ठेवली तर चालेल का?

माझं उत्तर नाही असंच आहे. टाकी बंद असली तरी झाडं महिन्याभरात जागा भरून टाकतात, आणि मग जास्तीची 'मरायला नको' म्हणून कुणीतरी ओढ्यात सोडतं. तिचा जगभरचा प्रवास असाच झाला. परदेशातल्या वाचकांसाठी: युरोपीय संघात २०१६ पासून ती बाळगणं, विकणं, पाण्यात सोडणं बंद आहे, आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडातही बाळगायला मनाई आहे. देखणं फूल हवं तर मोठ्या घमेल्यात चिखल घालून आपलं निळं कुमुद लावा.

१९. फोटोवरून ओळखून हवं असेल तर फोटो कसे काढायचे?

लांबून काढलेल्या हिरव्या गालिच्याच्या फोटोवरून सांगता येत नाही. एक झाड बाहेर काढून पांढऱ्या कापडावर किंवा वर्तमानपत्रावर ठेवा, शेजारी पट्टी किंवा एखादं नाणं. पाच फोटो पुरतात: संपूर्ण झाड मुळांसकट, पान उजेडासमोर धरून, देठ आडवा कापून, देठाचं बूड जवळून, आणि असेल तर फूल समोरून. ते ओढताना सहज आलं की तळाशी रुजलेलं होतं हे लिहा. पाणी वाहतं आहे की साचलेलं, जवळ नाला मिळतो का, तारीख कोणती, हेही लिहा. फोटो काढून झाले की झाड पुन्हा पाण्यात टाकू नका, काठापासून दूर उन्हात ठेवा. मात्र मुळाशी चिखलाचा गड्डा दिसला, तर ते लगेच, जिथून काढलं तिथेच परत लावा.